सुनेची बारावी

४ जानेवारी

लिही. माझी सून सारिका आळशी आहे. — लिहिलं? वाच बरं. हाव, बरोबर.

मास्तरानं तिले सांगितलं, बारावीच्या पेपरात तीन तास हात चालला पाहिजे, रोज काहीतरी लिहा. काय लिहू म्हणून भिंतीकडं पाहत बसली होती. म्हटलं, मी सांगते, तू लिही. मले अक्षर येत नाही, पण बोलता येते. आता रोज भाकरी झाल्या की मी तिच्याबद्दल तिलेच सांगीन अन् तिलेच ते लिहावं लागंल. बारावी काही सोपी नाही!

खोडू नको. मले वाचता येत नाही, पण खोडलेलं दिसते.

९ जानेवारी

भात करपला. इंग्रजीचं पुस्तक चुलीपाशीच होतं. ते नाही करपलं.

१५ जानेवारी

हे सारं कशासाठी, तेही लिहून ठेव. नाहीतर लोक म्हणतील म्हातारी उगाच बोलते.

सारिका अंगणवाडीत मदतनीस आहे. लेकराइची नाकं पुसते, खिचडी शिजवते. वरची सेविका बाई उन्हाळ्यात रिटायर होऊन राह्यली. ती जागा निघंल. पण तिले बारावी लागते, अन् ही दहावी. म्हणून बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला.

गल्लीच्या त्या टोकाची महामायाही त्याच जागेसाठी बसली. धम्मरत्नाची बायको. जागा एक, बाया दोन! काल नळावर मले म्हणे, "मावशी, सारिकाचा अभ्यास कुठवर आला?"

म्हटलं, "तुह्या पुढं."

खोटं होतं. तरी लिही.

२२ जानेवारी

घरात भांडण. चांगलं झालं, लय दिवस झाले नव्हतं.

माझा पोरगा प्रसेनजित, म्हणजे हिचा नवरा, जेवता जेवता म्हणे, "आई, झेरॉक्सच्या दुकानात बोटाएवढ्या चिठ्ठ्या करून भेटतात. सेंटरवर मी खिडकीतून पुरवतो. सगळेच पुरवतात. पेपरच्या दिवशी घरचं माणूस खिडकीशी नसलं तर लोक म्हणतात, बिचारीले कोणीच नाही!"

म्हणजे आता माया पण खिडकीतून फेकायची!

म्हटलं, "लेकराइले शिकवणारी बाई चिठ्ठीवर पास होते का रे? उद्या लेकरू विचारंल, बाई, पाचाच्या पुढं किती? तर ही खिडकीकडं पाहंल?"

"तू सासू कोणाची आहे वो? हिची, का महामायाची?"

"मी कोणाचीच नाही. पण चिठ्ठी दिसली तर हात मोडीन."

सारिका म्हणे, "मले नकोच चिठ्ठी." लग्न होऊन आली तवापासून आमच्या दोघींचं पहिल्यांदा एक मत झालं. मग तिनं चहा केला. पाणी नुसतं! पुन्हा फिसकटलं.

३० जानेवारी

पेपरात मुलाखत लिहायले येते म्हणून दिवसभर इंग्रजीतून मुलाखत घेऊन राह्यली. एकटीच विचारते, एकटीच उत्तर देते. म्हैस वळून वळून पाहते. दूध कमी दिलं. ते कोणाच्या खात्यात धरू?

३ फेब्रुवारी

धाड गावच्या बाजारात मिरच्या घेऊन राह्यली होती, तर धम्मरत्न आडवा आला. चार माणसाइच्या समोर म्हणे, "मावशी, इंग्रजीची काय चिंता? खिडकी आहे ना आपली!" अन् हसला. दात दाखवून हसला. मिरचीवाली पण हसली. तिच्याकडून नाही घेतल्या मग.

म्हणजे ही रात्रंदिवस डोळे फोडंल, अन् ते खिडकीतून पास होतील, जागा घेतील, वरून मलेच पेढा देतील. खाईन का मी तो?

ठरलं. पेपरले मी सोबत जाईन. पाण्याची बाटली धरायले! खरं म्हणजे खिडकीवर डोळा ठेवायले. — हसू नको, लिही.

१० फेब्रुवारी

उद्या इंग्रजी. सारिका जेवली नाही. म्हटलं, नापास झाली तर खिचडीचं पातेलं कुठं गेलं नाही, घासत राह्यजो. तर रडाले लागली!

आज कमी बोलते मी. झोप तू.

११ फेब्रुवारी

आज भरपूर लिही. आज मले लय सांगायचं आहे.

सकाळच्या जीपनं गेलो दोघी. प्रसेनजित म्हणे, मी तूर घेऊन चिखलीले चाललो. जा म्हटलं, तुह्याविना पेपर अडत नाही. सेंटरच्या बाहेर तर जत्रा! कोणी भिंतीवर, कोणी झाडावर. सारिका अन् महामाया एकाच खोलीत गेल्या. मी लिंबाखाली बसली.

घंटा झाल्यावर थोड्या वेळानं एक जण मागून आला. तोंडाले रुमाल, नुसते डोळे उघडे. कुंपणावरून उडी मारली अन् त्या खोलीच्या दुसऱ्या खिडकीले लोंबकळला. मी मनात म्हटलं, आला धम्मरत्न! अन् तेवढ्यात कॉपी पकडणाऱ्या पथकाची गाडी आली. साहेब उतरला, इकडंतिकडं पाहे. त्याले काहीच दिसेना. मी उठली, काठीनं दाखवलं — "साहेब, ती पाहा खिडकी!"

मंग काय पळापळ! रुमालवाला भिंतीवरून पडत पडत गेला. चिठ्ठी आत पडली होती. साहेब आत गेला. लोक म्हणाले, एका बाईचा पेपर काढून घेतला, कॉपीची केस केली. मी म्हटलं, बरं झालं! हसा आता दात काढून!

अन् आमची सारिका सगळ्याइच्या आधी बाहेर! एवढ्या लवकर! म्हटलं, हात चालला म्हणायचा. माझंच लिहिणं कामी आलं. पेपर कसा गेला, तर म्हणे, "झाला." जीपमध्ये एक शब्द नाही. आतापासूनच सेविका बाईचा तोरा!

प्रसेनजित चिखलीहून आला तर ढोपर फुटलेलं. गाडी घसरली म्हणे. गाडीवर तुरीचं पोतं जसंच्या तसं. बाजारात गेला का नुसता रस्त्यावर लोळला, कोण जाणे. जेवलाही नाही.

मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हेही लिही.

काऊन थांबली? पेनातली शाई सरली का?

१२ फेब्रुवारी

सकाळी चुलीपाशी सारिका बोलली. पेपर महामायाचा नाही घेतला, तिचा घेतला. दुसऱ्या खिडकीशी तिचाच बाक होता. चिठ्ठीले तिनं हात नव्हता लावला, साहेबानं ऐकलं नाही. अन् तोंडाले रुमाल बांधून आलेला तो प्रसेनजित होता.

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिनं हात धुतले, वही आणली, माझ्या समोर बसली.

"सांगा, आत्याबाई. आज काय लिहू?"