सात शेकोट्या

बिंगनजवळ, डोंगरावरचं गाव
सोमवार, १९ जानेवारी

ती. अण्णा,

वाकून नमस्कार. आई कशी आहे, उल्काची परीक्षा झाली का, हे सगळं फोनवर कळतंच, तरी विचारतो. पत्राची सुरुवात अशी करतात एवढं शाळेतलं माझ्या लक्षात राहिलंय.

फोनवर तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता, म्हणून कागद घेतला. उल्काला वाचायला देऊ नका, चष्मा लावून तुम्हीच वाचा. मला एक परवानगी हवीय. इथे तीन वर्षं राहून द्राक्षबागेचं काम रीतसर शिकू की नको, ते तुम्ही सांगायचंय. फेब्रुवारीअखेरीला मला उत्तर द्यायचंय. हसू नका. आधी थंडी ऐका.

सकाळी दार उघडलं की पहिल्यांदा नाकातले केस गोठतात. खरंच, आत टोचतं. दोरीवरचा टॉवेल पापडासारखा कडक होतो, मधोमध धरला तर आडवा ताठ राहतो. बर्फावर पहिलं पाऊल टाकलं की कुरकुरीत आवाज येतो, तो मला इतका आवडतो की मी मुद्दाम कोणी न तुडवलेल्या जागेतून जातो आणि दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लावतो. यमुनाआत्याचा मयुरेशदादा वहिनीला घेऊन मला बाड हॉम्बुर्गहून इथे सोडायला आला, रात्री राहिला, आणि सकाळी त्याच्या गाडीच्या काचेवर बोटभर बर्फ. मी घरातून उकळतं पाणी आणून ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. दादा म्हणाला, "हृषी, तुला काही सांगायच्या आत तू करून मोकळा होतोस." निधीवहिनी मागून म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. इथे सगळे दिवसातून शंभरदा म्हणतात, आता मीही म्हणतो.

तर केलरमानबाई. साठीच्या आहेत, नवरा नाही, अकरा एकर बाग एकट्या बघतात. आधीची तीन कामं मी सोडली हे त्यांना माहीत होतं, तरी छाटणीला ठेवून घेतलं. मी आलो तेव्हा सगळी बाग उघडी, नुसत्या काड्या, पण खालच्या बारा ओळींवर घड तसेच, जाळीखाली. जानेवारीत. मला वाटलं, तोडायचे राहिले.

पाचव्या दिवशी बाई सारख्या बाहेर. आभाळ बघायचं, बागेतलं थर्मामीटर बघायचं, हात मागे बांधून. डिट्टो तुम्ही. जेवताना म्हणाल्या, "आज पहाटे उणे सातच्या खाली जाणार," आणि आठलाच झोपायला गेल्या. मी खोलीत पडलो, पण अण्णा, मला निफाडचा पारा चारवर आल्यावरचं तुमचं तोंड दिसत होतं.

तीनला उठलो. शेडमध्ये छाटणीची वाळलेली काडी होती. बारा ओळींच्या मधे सात शेकोट्या लावल्या. वाऱ्याकडून सुरुवात करायची, ओली काडी वर टाकायची म्हणजे धूर धरून राहतो, तुम्ही दाखवलं होतं तसंच. हात बधिर, पाय बधिर, आणि मी एवढा खूश कधीच नव्हतो. पाच वाजता टेकडीवरून वीस-बावीस दिवे उतरताना दिसले. गावातली माणसं, डोक्याला दिवे, हातात बादल्या आणि कात्र्या. मला वाटलं, मदतीला आले.

बाई पुढे आल्या. "तू काय करतोयस?"

"द्राक्षं वाचवतोय."

बाईंनी हातातली बादली खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं. हे घड गोठण्यासाठीच ठेवलेले असतात. उणे सातच्या खाली दगड झाले की अंधारातच तोडायचे, तसेच दाबायचे. पाण्याचा बर्फ आत राहतो आणि नुसता गोड रस बाहेर येतो, त्याची वाइन करतात. सगळं गाव दीड महिना या एका थंडीची वाट बघत होतं. माझ्या शेकोट्यांनी थर्मामीटर उणे चारवर आणून ठेवलं होतं, आणि तीन ओळींना धुराचा वास लागला तो कायमचाच.

बाई ओरडल्या नाहीत. सगळ्यांना स्वयंपाकघरात नेऊन कॉफी दिली. एक निवृत्त मास्तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आल्झो, म्हणजे चला, शेकायला तरी मिळालं." सगळे हसले आणि घरी गेले. मग बाईंनी विचारलं, "हे शिकवलं कोणी?"

"वडिलांनी."

"तिकडे दर वर्षी पेटवायचास?"

मी म्हणालो, "नाही. एकदाही नाही."

हे मी आधी त्यांना सांगितलं, तुम्हाला नाही, याचं वाईट वाटतंय. पण थांबा, परवाचं राहिलं.

शनिवारी पुन्हा थंडी आली. उरलेल्या नऊ ओळी. बाईंनी थर्मामीटर माझ्याकडे दिलं, म्हणाल्या, "तू बघ, तू फोन कर." उणे सात, उणे आठ, उणे नऊ. मी वीस घरांना उठवलं, मास्तरांना दोनदा. घड बादलीत पडले की गोट्यांसारखे वाजत होते. एक मणी तोंडात धरला तर दातच चिकटले. उजाडता उजाडता प्रेसमधून रस आला, धार अशी नाही, थेंब थेंब, काकवीसारखा. बाईंनी पहिला पेला मला दिला. नंतर विचारलं, तीन वर्षं राहून शिकशील का. मी म्हणालो, एका माणसाला विचारावं लागेल.

आता ते.

चार वर्षांपूर्वी तुम्ही आईला घेऊन नाशिकला दवाखान्यात होतात आणि बाग माझ्यावर होती. पहाटे पेटव, विहिरीचं पाणी सोड, एवढंच सांगितलं होतंत. मी म्हणालो होतो, पेटवल्या होत्या, थंडीच जास्त पडली. अण्णा, मी बागेत नव्हतोच. चांदवडच्या घाटात ढग उतरलेत असं मित्र म्हणाला, तासाभरात येऊ म्हणून गाडीवर बसलो, आणि उन्हं वर आल्यावर परतलो. तोवर मणी तडकले होते. तुम्ही आलात, काडीच्या ढिगावर हात ठेवलात. ढीग तसाच होता, रचलेला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि घरात गेलात. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मला. तरी मी चार वर्षं तेच सांगत राहिलो, आईला, आत्याला, सगळ्यांना.

मला हे काम शिकायचंय. तुमच्याकडे शिकायचं होतं ते मी शिकलो नाही. तुम्ही नाही म्हणालात तर छाटणी संपवून निघेन, बाईंना तसं सांगितलंय.

१५ फेब्रुवारीच्या रविवारी, तोवर पत्र पोचेल, तुमच्या दुपारी तीनला फोन करतो. आईला देऊ नका. हो असो, नाही असो, तुम्हीच सांगा.

शेकोट्या न पेटवलेला,
तुमचा हृषिकेश