शेवटी गुंडाळलेलं आधी सुटतं

१६ नोव्हेंबर २००४

प्रिय रोशनी,

तुळशीचं लग्न झालं की तुझे बाबा आपल्या लग्नाची तारीख धरायला येणार, असा निरोप धनराजभाऊने आणला. त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मी दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा राहिलो, लिहायची सवय मोडली आहे. म्हणून आधी कच्चं लिहून मग हे उतरवलं.

साक्षगंधाच्या दिवशी माझ्या बाबांनी तुला तीनदा विचारलं, "कोणाची पोरगी वो तू?" तिसऱ्यांदा तू म्हणालीस, "तुमचीच सून, मामाजी." सगळे हसले. मामाजी थट्टेखोर आहेत, असं तुला वाटलं असेल. ती थट्टा नव्हती.

श्रावणात आमच्या मच्छीमार संस्थेने तलावात रोहूची बोटुकली सोडली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती वाढेपर्यंत बारीक जाळं कोणी पाण्यात घालत नाही. हा नियम वीस वर्षं बाबांनीच पाळायला लावला. सख्ख्या भावाचं जाळं त्यांनी विळ्याने कापलं होतं. यंदा पंधराव्या दिवशी त्यांनीच बारीक जाळं ओढलं आणि ती पिल्लं तलावाच्या पाळीवर वाळत घातली. शेजारी बसून कावळे हाकत होते. संस्थेच्या सुकलूने हळूच विचारलं, "मनसारामभाऊ, हे काऊन केलं?" बाबा म्हणाले, "उन्हाळा हाय ना बे. तलाव आटून राह्यला." तेव्हा आमच्या सगळ्यांच्या अंगावर पाऊस पडत होता. कोणी त्यांना रागावलंसुद्धा नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव अल्झायमर सांगितलं. बाबा त्रेचाळीसचे आहेत. इतक्या लवकर तो क्वचितच होतो म्हणे. मी समजावून मागितलं, तेव्हा त्यांनी कागदावर चित्र काढलं. मेंदूत तारांसारखे तंतू असतात. विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं त्यांच्यावर चरबीचं आवरण असतं, आणि ते गुंडाळत राहणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. आवरण झिजलं की निरोप वाटेतच अडखळतो. या आजारात मेंदूत गाठीगुठळ्या होतात हे सगळेच सांगतात. पण काही संशोधकांना वाटतं की आधी त्या गुंडाळणाऱ्या पेशीच थकत असाव्यात. अजून सिद्ध झालेलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. शेवटी गुंडाळलेलं आवरण पातळ असतं, म्हणून बहुतेक तेच आधी सुटतं. बाबांना लहानपणीची प्रत्येक होडी आठवते आणि तू आठवत नाहीस, ते त्यामुळेच असेल का, मला माहीत नाही. हे गुंडाळण्याचं काम चाळिशीपर्यंत चालतं म्हणे. मी तेवीसचा आहे.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कोणाला होतं का? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाई जी, कोणालेच नाई." परतीच्या बसमधून मूल गावाला उतरताना ती एवढंच म्हणाली, "तुयं लगन होऊ दे. मंग सांगू."

पुढच्या आठवड्यात मी एकटा नागपूरला गेलो आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. तेच आता तुला सांगतो. तुझ्या भावाने मला विचारलं होतं, तुझा आजा कशाने गेला, आणि मी म्हणालो होतो, साप चावून. ते खोटं आहे. लटारूआजा चव्वेचाळिसाव्या वर्षी सरपणाला रोजच्याच जंगलात गेला आणि घरची वाट विसरला. चौथ्या दिवशी सापडला तो गावापासून हाकेच्या अंतरावर, मोळी डोक्याखाली घेतलेला. सुकरीआत्याही चाळिशीत अशीच झाली होती. डॉक्टर म्हणाले, हे वंशाचं असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मला, आणि मला असेल तर पुढे आपल्या मुलांनाही. आईला हे पत्र माहीत नाही. तू ते तुझ्या बाबांना वाचून दाखव. उत्तर लिहू नकोस. ते तारीख धरायला आले नाहीत तर मी समजेन, आणि आई विचारेल तेव्हा कारण मीच सांगेन.

आज सगळं आठवत असलेला,
तुझाच,
भूपेश