अकरा झगे आणि अकरा चिठ्ठ्या

दि. ३ मार्च

ती. दादास,
ठमीचा सप्रेम सलाम वि. वि.

इकडे सर्व ठीक. शाळेत परीक्षांचे पेपर तपासून डोळे गेलेत, ते सोड. चर्चचं नवं छप्पर पुरं झालं, त्याची उपकारस्तुती एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी आहे आणि बिशप येणार आहेत. माझा गायकवृंद तोंड उघडतो तेव्हा बरा असतो, पण दिसतो मात्र अकरा जण अकरा दिशांनी धावत आल्यासारखा. म्हणून तुझ्या बहिणीची विनंती: अकरा पांढरे झगे शिवून दे, सगळे एकाच मापाचे. देवापुढे सगळे सारखेच, तेव्हा दिसूही देत सारखे. मशीन बिघडलंय, हाताला वेळ नाही, असलं काही लिहू नकोस. वहिनींना सलाम सांग आणि माझ्यावर रागावायचं असेल तर झगे शिवून झाल्यावर रागाव.

तुझी,
ठमी

दि. ८ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मशीन उत्तम चाललंय, बिघडलंय ते तुझं डोकं. चाळीस वर्षं कात्री चालवतोय, पण सारखे दोन खांदे मला अजून भेटले नाहीत. एकाच माणसाचे डावा-उजवासुद्धा जुळत नाहीत. देवापुढे आपण सारख्या मोलाचे आहोत, सारख्या मापाचे आहोत असं तुला कुणी सांगितलं? देवाच्या दुकानात तयार कपडे टांगलेले नसतात गं, तो एकेकाला समोर उभं करून बेततो. मी त्याच्याच धंद्यातला लहानसा माणूस, तेव्हा एकेकाचं माप पाठव, नाहीतर चादरी पांघरून गा. वहिनी म्हणते, ठमीला फार बोलू नका. म्हणून इथेच थांबतो.

तुझ्या भल्यासाठीच भांडणारा,
दादा

दि. १३ मार्च

ती. दादास,
सलाम वि. वि.

तुझा हेका तू सोडायचा नाहीस! मी टेप घेऊन तालमीला गेले, तर पाववाल्याने पोट आत ओढून श्वासच रोखला आणि ग्रंथपालबाई तडक घरी निघून गेल्या. तेव्हा मापं नाहीत, माणसंच लिहून पाठवते. तू शिंपी आहेस, समजून घे.

पाववाला: उंची माझ्या कानाएवढी. पोट त्याच्याआधी चर्चमध्ये पोचतं, प्रार्थनेला तेच आधी वाकतं.

नर्सबाई: दार न उघडता फटीतून आत येतील इतक्या बारीक. हात मात्र लांब, आणि गाताना ते कुठे ठेवावेत हे त्यांना कधीच कळत नाही.

टपालवाले काका: निवृत्त. थैली वाहून उजवा खांदा दोन बोटं उतरलाय. गाण्यात कायम एक ओळ मागे, पण पोचतात नक्की.

ग्रंथपालबाई: पाठीला पोक. मागच्या रांगेत खांबाआड उभ्या राहतात. झगा असा ढगळ शिव की पोक लपेल. आवाज असा की त्या आल्या नसल्या तर मला वळून न बघता कळतं.

बाकीचे सात दुसऱ्या कागदावर. हसू आलं तर एकटाच हस.

ठमी

दि. ४ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ.

गठ्ठा आजच पाठवलाय. तुझी वर्णनं वाचून वहिनी आणि मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, पण कापड बेतताना टेपपेक्षा तीच जास्त उपयोगी पडली. माझी रीत तुला ठाऊक आहे, ज्याचं माप त्याच्याच कपड्याला टाचून ठेवायचं, म्हणजे अदलाबदल होत नाही. तेव्हा कुणाचा कुठला हे शोधत बसायला नको. बिशपना माझा सलाम.

दादा

दि. ९ एप्रिल

दादा,

सलाम वगैरे नंतर. अरे, काय केलंस हे! माझं पत्र कापून एकेक चिठ्ठी एकेका झग्याला टाचलीस? गठ्ठा चर्चमध्ये आला तेव्हा मी शाळेत होते. सगळ्यांनी मिळून तो फोडला आणि आपापली चिठ्ठी मोठ्याने वाचली. पाववाला इतका हसला की त्याने ती दुकानात चिकटवलीय. काकांनी मला विचारलं की एक ओळ मागे म्हणजे नक्की कुठली. नर्सबाई दोन दिवस गाल फुगवून होत्या, काल बोलल्या. पण ग्रंथपालबाईंनी चिठ्ठी मनातच वाचली, झगा घडी करून काखेत धरला आणि गेल्या. त्यानंतरच्या दोन्ही तालमींना आल्या नाहीत.

उचलली जीभ लावली टाळ्याला, हीच माझी खोड. मला छपराची, बिशपची कशाचीच पर्वा उरलेली नाही. त्या बाईचं मन मी मोडलं. त्या पुन्हा गायल्याच नाहीत तर मी त्या चर्चमध्ये कुठल्या तोंडाने उभी राहू? काय करू ते लिही.

ठमी

दि. १३ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ.

चिठ्ठ्या टाचण्याची चूक माझी, ती मी बाईंना वेगळ्या पत्राने कळवतो. लपवायची आज्ञा मात्र तुझी. आता पत्र लिहीत बसू नकोस, त्यांच्या दारी जा. गंमत केली होती असं म्हणू नकोस, चुकले म्हण.

आणखी एक. तुझं मी ऐकलं नव्हतं. ढगळ झगा मी शिवलाच नाही. तू सांगितलेल्या पाठीचा भाग वेगळा बेतला, मागून चार बोटं लांब ठेवला. देवाने जी पाठ दिली तिच्यावर कापड नीट बसवायचं, एवढंच माझं काम. ती झाकायला मला कुणी नेमलेलं नाही. बसला की नाही ते मला माहीत नाही, आणि त्या काळजीने जेवण जात नाहीये.

तुझा,
दादा

दि. २० एप्रिल

आदरणीय शिंपीदादांस,
स. न. वि. वि.

आपलं माफीचं पत्र मिळालं. आपली बहीणही आली होती. दारातच इतकी रडली की मलाच तिला पाणी द्यावं लागलं. मी तिला सांगितलं की पोक या शब्दाचा राग नाही, आरशात मी तो रोज बघते. राग आला तो लपवण्याचा. पण त्याच चिठ्ठीत आवाजाबद्दलही लिहिलं होतं, आणि ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. रागवावं की हरखावं हे ठरेना, म्हणून घरी बसले होते.

ती गेल्यावर झगा घातला. दादा, आयुष्यभर मी तयार कपडे घेत आले. ते मागून वर चढतात, म्हणून उभं राहिलं की एक हात पाठीमागे नेऊन कापड खाली ओढून धरायची सवय लागली. खांब त्यासाठीच लागायचा. आपल्या झग्याची कड पुढून-मागून एका रेषेत आहे. मी घरात तीन वेळा मोजली.

रविवारी मी पुढच्या रांगेत उभी राहिले. टपालवाले काका आमच्यानंतर एक ओळ उशिरा पोचले, आणि बिशपसुद्धा त्यांच्यासाठी थांबले. आपली बहीण हातवारे करता करता डोळे पुसत होती, त्यामुळे ताल जरा बिघडला, ते तिला कळवू नये.

मी मात्र पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे सोडून गायले.

आपला स्नेह असाच राहू द्यावा.

आपली,
ग्रंथपाल