रांगेतलं पहिलं काम

३ जून
आले एकदाची! जुळे सोलापुरात नागव्वाकाकूंच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. आल्या आल्या त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली. उद्यापासून शहराबाहेरच्या प्रयोगशाळेत पावसाच्या अंदाजांवर काम, तेही महासंगणकावर! नातेपुत्याला आईला फोन केला, तर तिने आधी एसी आहे का ते विचारलं. म्हटलं, आहे, पण मशीनसाठी. त्यात आमचंही भागेल.

९ जून
इथे प्रत्येकाचं काम मशीनच्या रांगेत लागतं. पहिला नंबर मात्र कायम राजशेखरचा. हा शास्त्रज्ञ वारून दोन वर्षं झाली! तरी त्याचं काम पुढेच. मशीन सांभाळणारे गुरुलिंगकाका म्हणाले, त्याचं आदी जाऊ द्या की, मग तुमचं, हितली रीतच हाय. आमच्या प्रमुख महेश्वरी मॅडम उठताबसता त्याचेच गोडवे गातात. मेलेल्या माणसावर जळणं शोभत नाही, पण मी जळते.

१७ जून
कायम जागा एकच आणि निवड शुक्रवारी. माझं काम रांगेत ताटकळतंय, आणि हा मेला तरी पुढेच. काका जेवायला गेले, त्यांचा संगणक उघडाच होता. राजशेखरचं काम काढून टाकलं आणि तिथे माझं लावलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

१८ जून
मॅडम खूश. म्हणाल्या, काल उशिरापर्यंत बसून काय सुंदर निकाल काढलेस, दीक्षा! मी तर लवकरच घरी आले होते. पण कौतुक कोणाला नको असतं? थँक्यू म्हणून मोकळी झाले.

१९ जून
आज ऑफिसभर तिचंच नाव. दीक्षा किती हसतमुख, दीक्षाला किती कळतं. ती मी नव्हे! माझ्याच नावाच्या बाईचा एवढा मत्सर वाटतोय की डबा तसाच परत आणला. शेवटी काकांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, त्या जागेवर जित्याचं नाव लावायचं नसतं ताई. ज्याचं नाव लावाल त्याच्या नावानं ती जागाच काम करती, मग त्याच्या खुर्चीत बसती. राजशेखरचं तसंच झालं, त्यातच त्यो गेला. मेलेल्याचं ती काय घेनार, म्हनून त्याचं नाव तितं ऱ्हाऊ दिलं हुतं.
दोघांनी मिळून प्रयत्न केला. माझं नाव निघत नाही.

२० जून
कार्डाने दार उघडेना. काचेतून पाहिलं — माझ्या खुर्चीत ती. माझाच निळा कुर्ता. मॅडम तिला पेढा भरवत होत्या. कायम झाली. काच बडवली, कोणी वळूनही पाहिलं नाही. ती जागा माझी होती — माझी —

२१ जून
आईला फोन लावला. म्हणाली, कोण बोलतंय? दीक्षाशी तर आत्ताच —

खाली गाडी थांबली. नागव्वाकाकू विचारतायत, वर कोन हाय गं, आवाज येतोय. ती हसली. माझ्यासारखीच. म्हणाली, कोणी नाही काकू, मी एकटीच तर राहते.

जिना चढतेय — कडी आतून लावलीय — तरी ती —