तांबडी काट

बाई,

तुम्ही शिकवलेल्या अक्षरात लिहितेय. वेलांट्या चुकतील. तुमच्या हातात आता लाल पेन नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला.

मागच्या आठवड्यात माझी नात चार दिवस राहून गेली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात बायकांचे आजार बघते. डॉक्टरीण नाही, डॉक्टर. मुद्दाम लिहितेय, कारण तुम्हीही डॉक्टरसाहेबांच्याच कॉलेजातून, त्यांच्याच वर्षी पास झाला होतात, आणि आख्खा गाव समजायचा की डॉक्टरची बायको म्हणून डॉक्टरीण, जशी पाटलाची पाटलीण. मीही तसंच समजत होते, तुमच्याकडे भांडी घासायला लागून वर्ष झालं तरी.

तर ही नात डॉक्टर लोकांच्या एका मासिकाचं काम करते. ठिकठिकाणचे डॉक्टर लेख पाठवतात, ही वाचते, चुका काढते, चार प्रश्न विचारून परत धाडते, मग ते छापतात. सात वर्षं झाली. हुद्दा काय, तर सहाय्यक संपादक. तिने मोबाइलवर पान दाखवलं. वर कोटातले पुरुष, फोटोसकट, एकाशेजारी एक. तळाला मुंगीएवढ्या अक्षरात बायकांची नावं.

मी म्हटलं, "ही तर पंगत गो. बापये जेवक बसले हत आणि बायलो वाढतत."

ती हसली नाही. मुख्य संपादक म्हातारा होऊन बाजूला झाला होता. जागा हिलाच मिळणार म्हणत होते, आणि दिली हिच्याच हाताखाली लेख वाचायला शिकलेल्या एका पुरुषाला. वर हिला सांगितलं, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून तर अंक वेळेवर निघतो. तुम्ही जागच्या हलू नका." घाण्याच्या बैलाचंही असंच कौतुक करतात.

तिने कमिटीला पत्र लिहून ठेवलं होतं. जागा माझी आहे, का दिली नाहीत ते लेखी कळवा, नाहीतर मी काम सोडते. मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आजये, धाडू?"

तिला जोर यावा म्हणून मी तुमची गोष्ट सांगायला घेतली.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून लख्ख दिसतं. मी विळीवर नारळ खवतेय. तुम्ही एका हाताने वरण घोटताय, दुसऱ्या हातात ते लाल पेन, आणि पाटाखाली दाबून ठेवलेले लेख. जिल्ह्यातल्या डॉक्टर मंडळाचं त्रैमासिक. संपादक साहेब, आणि साहेब पडवीत पेपर वाचतायत. देवगडकडच्या कोणा डॉक्टरांनी फुरसं चावल्यावर द्यायच्या औषधाचं माप लिहिलंय. वरणातली रवी थांबते. "अगं, इथे टिंब सरकलंय. एवढं दिलं तर फुरसं राहील बाजूला, औषधानेच मरेल माणूस." ते टिंब तुम्ही जागेवर नेलंत. पुढच्या अंकात त्या डॉक्टरांनी आभार मानले. साहेबांचे.

त्याच घरातल्या दवाखान्यात तुम्ही मला औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून अक्षरं शिकवलीत. 'हलवून घ्यावे' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. मग शेफारले. एका बाईच्या पोराचे डोळे आले होते, मी 'थेंब' एवढं वाचलं आणि कानाचं औषध तिच्या हातात दिलं. तुम्ही अनवाणी एस.टी.च्या थांब्यापर्यंत धावलात आणि बाटली परत आणलीत. आल्यावर भरल्या दवाखान्यात मला म्हणालात, "वाचता येतं ना? मग पूर्ण वाच. अर्धं वाचून धावत सुटू नकोस." बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तुमचं बरोबर होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

चारच दिवसांनी तुम्ही मालवणच्या छापखान्यात द्यायला पाकीट दिलंत. छापायच्या आधीचे कागद, तुम्ही तपासलेले. थांब्यावर गाडीची वाट बघत बसले आणि पाकीट उघडलं. पहिल्याच पानावर साहेबांच्या नावावर तांबडी काट. मी त्याआधी माणसाच्या नावावर तशी काट एकदाच पाहिली होती. माझा घोव दर्यात बुडाला, कुंकू पुसलं, त्या वर्षी ऑफिसातल्या कारकुनाने रेशनकार्डावर त्याच्या नावावर मारली होती, पट्टी लावून, सरळ.

मी तशीच माघारी पळाले. साहेब पडवीत होते.

"साहेबानू, ह्यां बघा! बाईंनी तुमच्या नावावर तांबडी काट मारल्यानी हा. जित्या माणसाच्या नावावर!"

साहेबांनी कागद बघितला. काटेखाली तुम्ही तुमचं नाव लिहिलं होतं, पुढे 'संपादक'. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. खिशातलं निळं पेन काढून तुमच्या नावावर काट मारली आणि स्वतःचं नाव परत लिहिलं. म्हणाले, "बरं केलंस दाखवलंस. आता बाईंना काही बोलू नकोस, उगाच वाईट वाटेल त्यांना." त्या निळ्या काटेत मला काहीच अशुभ दिसलं नाही. मी पुढची गाडी पकडून पाकीट देऊन आले.

अंक आला तेव्हा अंगणात कोकमाची सोलं वाळत होती. तुम्ही पहिलं पान उघडलंत, मिटलंत, आणि सोलं उलटायला गेलात. ती मी सकाळीच उलटली होती. तुम्ही पुन्हा उलटलीत, एकेक करून. मला काही विचारलं नाहीत. पुन्हा कधी नाव लिहिलं नाहीत, लेख मात्र मरेपर्यंत तपासलेत.

आणि ज्याच्या नावावर काट मारली तो माणूस ऐंशी पार करून, पेपर वाचत, अंथरुणात गेला. तुम्ही त्याच्या कितीतरी आधी. तुमच्यामागे त्रैमासिकाचा एकच अंक निघाला. मग छापील पत्र आलं, संपादकांची प्रकृती ठीक नसल्याने अंक बंद करत आहोत. साहेब तेव्हा रोज संध्याकाळी धामापूरच्या तळ्यापर्यंत चालत जात होते.

हे सगळं नातीला सांगितलं. पळत माघारी आले ते सोडून.

ती हातातला मोबाइल विसरून ऐकत होती. मग विचारलंन, "मगे त्या पानाचा काय झाला? साहेबांका दाखवल्यान कोणी?"

मी शेंगा निवडत होते. म्हटलं, "छापखान्यातल्यांनीच बदलल्यानी असतला. बायलेचा नाव बघून."

तिने मोबाइलवर ते पत्र परत उघडलं. मग म्हणाली, "एकट्या माणसान केल्यान असता तर मी भांडलंय असतंय, आजये. सगळेच तसले, तर भांडतलंय कोणाशी? असांदे." आणि माझ्यासमोर ते पत्र पुसून टाकलंन. सोमवारपासून ती त्याच टेबलावर त्याच कामाला आहे. नव्या संपादकाचं पहिलं पानही तीच तपासते म्हणाली.

तिला भांडायला एक माणूस हवा होता. तो समोर बसून शेंगा निवडत होता.

माझ्याकडे तिचा नंबर आहे. दुपारपासून फोन मांडीवर आहे आणि मी तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. हा कागद डाळीच्या डब्याखाली जाईल, दुसरीकडे कुठे जाणार? पण एक लिहून ठेवते. पुढे माझ्या मनाशी मी कायम असंच म्हणत आले, की रेशनकार्ड आठवलं, भ्याले, तुमच्या कुंकवासाठी धावले. भ्याले होतेच. पण बाई, थांब्यावर गाडी यायला वेळ होता. काटेखालची ओळ मी बोट ठेवून वाचली, तुमचं नाव आणि पुढचा शब्दही, आणि मनात आलं, आता हिला हेही हवं काय? त्या दिवशी मी अर्धं वाचून धावले नव्हते. पूर्ण वाचलं होतं.