गुलाबी पाणी

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू व्यवस्थित जेवतेस असं भाऊजी फोनवर सांगतात. त्यांना खोटं बोलता येत नाही, तेव्हा मला काय ते कळतं.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, आता राहवत नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी पिट्टूच्या दंडावरून मसुराएवढा कातडीचा तुकडा काढला होता, आठवतं? तो तपासायला आमच्याच प्रयोगशाळेत आला. त्यातल्या पेशी मी चपट्या बाटलीत वाढवते. तुझं लेकरू जाऊन तीन महिने झाले, पण त्या अजून जिवंत आहेत, ताई.

अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात, गुलाबी पाण्यात त्या असतात. ते पाणीच त्यांचं अन्न. आंबलं की पिवळं पडतं, मग मी बदलते. इतरांच्या पेशींना ते चार दिवस पुरतं, याच्या पेशी दोन दिवसांत पिवळं करून ठेवतात. पेशीचं आवरण उत्तम आहे, साखर आत येते. पण आत तंतुकणिका असतात, साखर जाळून शक्ती करणाऱ्या बारक्या भट्ट्या म्हण. त्यांतलं एक एन्झाइम धड बनत नाही. साखर अर्धी कच्ची राहते आणि तिचं आम्ल होतं. पोरगं खातं पण अंगी लागत नाही, असं तू म्हणायचीस ना? अगदी तेच.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर चिडलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
धाकटी


२० जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र चार वेळा वाचलं. आधी तुझा भयंकर राग आला. इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसलीस! मग उठले आणि पोटभर जेवले. रविवारी प्रयोगशाळा बंद असते का गं? असली तरी जा. त्याला उपाशी ठेवू नकोस.

आमचा चौथा मजला तुला ठाऊक आहे. शाळेतून येताना तो दुसऱ्या मजल्यावर दप्तर टाकून त्यावर बसायचा आणि म्हणायचा की आई, जरा बसू दे. मी मनगट धरून ओढायची. आळशी म्हणायची, ढोंगी म्हणायची. एकदा पाठीत धपाटाही घातला. त्याच्यात शक्तीच तयार होत नव्हती आणि मी त्याला पायऱ्या चढायला लावत होते. सांग, हे मी कुठे ठेवू?

एकच विचारते, खरं सांग. हे दुखणं कुणाकडून आलं? तुझे भाऊजी पूर्वी चेष्टेनं म्हणायचे की तुझ्या माहेरचं सगळं खानदान लोळणारं. हल्ली म्हणत नाहीत, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. शिवाय ठरत आलेल्या लग्नाला तू अचानक नाही का म्हणालीस, तेही कळू दे. तुझी कॉलेजची पुस्तकं अजून माझं कपाट अडवून बसली आहेत. नेत नसशील तर रद्दीत घालीन.

आठवण ठेवून लवकर लिही.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दर रविवारी जाते. बाईंना घरदार नाही का, असं रखवालदार विचारतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कुणाकडूनच नाही. पेशीतल्या जनुकांची नक्कल होताना कधीतरी, कुठेतरी चूक होते. ना तुझा दोष, ना भाऊजींचा. हा विषय डोक्यातून काढून टाक. लग्नाचं म्हणशील तर बाटल्यांचा संसारच मला झेपत नाही. पुस्तकं खुशाल रद्दीत दे, उघडतही बसू नकोस, धुळीनं तुला शिंका येतात.

वाईट बातमी लिहायला हात धजत नाही. पेशी मंदावल्या आहेत. त्या ठरावीक वेळाच दुभंगतात, मग म्हाताऱ्या होतात. गोठवून ठेवलेल्या दोन कुप्यांतल्या परत उठल्याच नाहीत. तपासणी संपली, आता बाटली टाकून द्या, असं आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे हात जोडले. रोज पाणी बदलते, जादा साखर घालते. काही झालं तरी मी हरणार नाही.

भाऊजींना नमस्कार, तुला खूप खूप माया.

तुझी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

माझ्या शिंकांची काळजी तुला कधीपासून वाटायला लागली, म्हणून मुद्दाम जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं. तंतुकणिकांच्या चित्राखाली तुझं कोंबडीच्या पायांचं अक्षर, पेन्सिलीनं: बाळाला या फक्त आईकडून मिळतात. खाली दोन रेघा.

स्वयंपाकघरात फरशीवर बसून खूप रडले. तुझ्यावर रागावले नाही. तुझ्या जागी मीही खोटंच लिहिलं असतं. तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते शेजारी येऊन फरशीवर बसले. मग माझ्या लक्षात आलं की मला त्या आपल्या आईकडून आल्या, म्हणजे तुझ्यातही त्याच असणार. लग्नाला नाही म्हणालीस ती याचसाठी ना? वेडाबाई, एकटीनंच हे सगळं गिळलंस. त्या मुलाला खरं सांग. ठरवू दे त्याला.

आता बाटलीचं. रोज पाणी बदलतेस, जादा साखर घालतेस, हे वाचलं आणि जिन्यात त्याचं मनगट धरलेला माझा हात मला दिसला. मी ओढलं ते ओढलं, तू ओढू नकोस. बाटली टाकूही नकोस. त्या उबेच्या कपाटातच ठेव आणि पाणी पिवळं होऊ दे. माझ्याकडे त्यानं एवढंच मागितलं होतं. त्याला जरा बसू दे.

ताईवर आहे तशीच माया असू दे.

तुझी,
ताई