मासेमारी करता का?

प्रिय सुबोध,

'प्रिय' वाचून लगेच विरघळू नकोस, कालचं भांडण संपलेलं नाहीये. तू बोललास आणि बाइकला किक मारून निघून गेलास, म्हणजे तू जिंकलास असं नाही होत. काय बोललास? "तुमच्याच बायकांनी 'नाही' म्हटलंय, रोशनी. त्रेसष्ट बायका, त्रेसष्ट 'नाही'. मी काय मनाने लिहिलं?" आख्ख्या जेट्टीला ऐकू गेलं. जाळं शिवत बसलेला हरेश्वरकाका सुई हातात तशीच धरून बघत राहिला आणि तू गेल्यावर मला म्हणाला, "पोरगा हुशार हाय गो, पन ऐकायला कमी येतंय त्याला." तर आता ऐक. कागदावर लिहितेय, कारण व्हॉट्सॅपवर तू तिसऱ्या ओळीलाच 'कॉल करू?' विचारतोस, आणि तू कॉल केलास की मी ऐकून घेते. दोन वर्षं तेच चाललंय.

तुझा तो सात नंबरचा प्रश्न मला अजून झोपेतही पाठ आहे. 'तुम्ही मासेमारी करता का? होय / नाही.' जानेवारीत आपण दोघं फॉर्मचे गठ्ठे घेऊन कोळीवाड्यात फिरत होतो. तू संस्थेचा पक्षीवाला, मी संस्थेने सहा आठवड्यांसाठी घेतलेली लोकल मुलगी, एमए सोशिऑलॉजी. प्रोजेक्ट मलाही आवडला होता, ते आता नाकारत नाही. तिवरांमध्ये डेब्रिज टाकणाऱ्या डंपरांची वाट लागणार, कुंपण होणार, पक्ष्यांना निवांत जागा मिळणार. कोणाला नको होतं ते? आमच्याच दारातली तिवरं ती. तुम्ही त्याला कांदळवन म्हणता तेव्हा उगाच दुसऱ्याची वाटतात, एवढंच. पण सुबोध, आमच्याकडे मासेमारी म्हणजे बोट, जाळं, खोल पाणी. ती पुरुष करतात. बायका करतात ते 'चिखलाला जाणं'. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात शिरायचं, निवट्या, त्या चिखलावर उड्या मारणाऱ्या मासळ्या, हाताने पकडायच्या, तळपायाला शिंपले टोचले की वाकून खुबे काढायचे, चिंबोरीच्या बिळात लोखंडी आकडी घालून तिला बाहेर ओढायचं. अंडीवाली निघाली तर परत बिळात. शेवंतीमावशी चाळीस वर्षं हेच करतेय. तिला तू "चिखलाला जाता का?" विचारलं असतंस तर तिने तुला दोन तास सोडला नसता, वर कालवण जेवायला घातलं असतं. तू विचारलंस मासेमारी. ती म्हणाली, "नाय रे बाबा, ती बापये करतान." खरं तेच बोलली ती. एकही बाई खोटं बोलली नाही. आणि रिपोर्टमध्ये छापून आलं, 'प्रकल्पक्षेत्रावर स्थानिक महिलांची उपजीविका अवलंबून नाही.'

त्या एका ओळीने काय केलं ते तुला कळतंय का नीट? काल तू 'अॅडजस्टमेंट पिरियड' म्हणालास म्हणून विचारतेय. सोमवारी जाळीचं कुंपण लागलं. ते अजून टेम्पररी आहे, आजच्या बैठकीत पक्कं होणार. मंगळवारी गार्डने बायकांना अडवलं. मुलगा वाईट नाही तो, "मौशी, ये चिड़िया लोग का है अभी" एवढंच म्हणाला, आणि शेवंतीमावशीने त्याला विचारलं, "चिऱ्या कोनाचा घर चालवतान रे?" तो पण हसला. पण आत नाही सोडलं. मग बुधवारी त्या नाल्याच्या पलीकडच्या बाजूने गेल्या. तो चिखल त्यांच्या ओळखीचा नाहीये. इथला पायाखालचा आहे, कुठे घट्ट, कुठे गिळतो, सगळ्याला नावं आहेत. तू नकाशावर ज्याला प्लॉट सी-४ म्हणतोस त्याला त्या म्हातारीची मांडी म्हणतात, कारण तिथे बसलं तरी माणूस रुतत नाही. पलीकडे कसली मांडी नाही. शेवंतीमावशी कमरेपर्यंत गेली. पाणी भरायला लागलेलं. तिघींनी एक जुनी फळी आडवी टाकली आणि तिला काखेत धरून ओढलं, पाऊण तास. त्या तिघींत माझी आई होती. घरी आली तेव्हा तिचे दोन्ही खांदे आखडले होते, स्वतःचे केस स्वतःला विंचरता येत नव्हते. मी विंचरले. आणि ती म्हणाली, उद्या फळी आधीच घेऊन जाऊ.

म्हणजे ती परत जाणार होती, तिथेच. गुरुवारी गेली. काल गेली. सोमवारीही जाईल. मी नको म्हटलं की म्हणते, मग काय गो, घरात बसून भिंत चाटू?

तुला पक्षी खरंच आवडतात, ते काही नाटक नाही. शेकाट्याची पिल्लं दिसली होती त्या दिवशी तू मला फोन करून नुसता श्वास घेत होतास, आठवतं? म्हणूनच जास्त राग येतो. तुझ्याच वहीत आहे, मी वाचलंय, बायका आदल्या दिवशी जिथे चिखल उकरून जातात तिथे दुसऱ्या दिवशी तुला तुतवार पक्षी जास्त मिळतात. तू समासात प्रश्नचिन्ह काढलं होतंस आणि पुढे कधी त्यावर बोललाच नाहीस. चिखलातलं प्लास्टिक कोण काढतं माहितीये? याच. पर्यावरण-बिर्यावरण काही नाही, पायात अडकतं म्हणून काढतात. काल हे सगळं मी तुला सांगत होते तर तू मध्येच तुझ्या आजोबांना आणलंस. गिरणी बंद झाली तेव्हा तेही घरी बसले, मग तुझे बाबा शिकले, कांदिवलीला आले, बदलले. तुम्हीही बदला. सुबोध, तुझे आजोबा हजेरीपटावर होते रे. त्यांना काढलं हे सांगायला तरी एक कागद होता, त्या कागदावर मोर्चे निघाले. माझ्या आईला कोणी काढलेलंच नाहीये. ती तिथे कधी नव्हतीच, असं लिहिलंय. जी नव्हती तिने काय मागायचं आणि कोणाकडे?

इथपर्यंत लिहून मी उठले होते, चहा केला, तो तसाच ओट्यावर आहे. कारण इथपर्यंत सगळा दोष तुझ्यावर टाकता येतो आणि बरं वाटतं. पुढचं बरं वाटणारं नाही.

तुझ्या आईने पहिल्या भेटीत मला विचारलं होतं, "तिसऱ्ये गावतत काय गो तुमच्या हय?" खुब्यांसारखेच शिंपले ते, किती आशेने विचारलं होतं. मालवणातून आल्यापासून चांगले मिळालेच नाहीत म्हणाल्या. आणि मी म्हटलं, "नाही काकी, आमची बोट आहे ना, आमच्याकडे पापलेट, सुरमई." बोट काकाची होती. ती विकूनही तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात आई रोज खुबे आणत होती आणि मी अंधेरीच्या कॉलेजात पाच वर्षं 'बोटवाल्यांची मुलगी' म्हणून काढली. कोणाला घरी आणलं नाही. आईच्या नखांतला काळा चिखल निघतच नाही, लिंबाने घासलं तरी. कॉलेजच्या गॅदरिंगला ती आली तेव्हा मी तिला हात पदराखाली धरायला सांगितलं होतं. तिने धरले, पूर्ण तीन तास. तुला मी हे कधी सांगितलं नाही. बोट विकली एवढंच सांगितलं, तेही खूप नंतर, आणि मग आई काय करते हे तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही.

आपला पहिला फॉर्म माझ्या घरी भरला. आठवतंय? तू म्हणालास, सुरुवात ओळखीच्या घरातून करू, हात बसेल. मी सगळ्या मुलाखती फोनवर रेकॉर्ड करत होते, कोळी भाषेतलं नंतर तपासायला. परवा, शेवंतीमावशीला ओढून काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी ते पहिलं रेकॉर्डिंग लावलं. तुला ठणकावून सांगायचं होतं ना, की बघ, कसं चुकीचं विचारलंस. अकरा मिनिटांचं आहे. त्यात तू सात नंबर विचारतोस. आई म्हणते, "मासेमारी नाय, आमी चिखलान जाताव." दोन्ही बोलली ती, सुबोध. स्पष्ट बोलली. आणि तू थांबतोस. तू विचारतोस, "चिखलात म्हणजे? हे लिहायचं का कुठे?" तुझा आवाज आहे, अगदी सरळ, तुला खरंच माहीत नव्हतं. मग माझा आवाज येतो. इंग्लिशमध्ये, आईला कळू नये म्हणून. "लीव्ह इट यार. शी डझ इट फॉर फन. पुट हाउसवाइफ."

मग पेनचा आवाज. मग आई विचारते, "त्याला काय बोललीस गो?" आणि मी म्हणते, "तुझं कौतुक केलं." आई हसते. तिला खरं वाटलेलं असतं.

त्यानंतर तू बासष्ट वेळा तेच लिहिलंस, कारण पहिल्या घरात शिकलास. चुकीचा प्रश्न तुझा होता, पण तू एकदा योग्य प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर मी गिळलं. तीन दिवस मी तुझ्याशी भांडतेय ते याच्यावरून. तू काल जे ओरडलास ना, 'मी काय मनाने लिहिलं?', त्याला उत्तर आहे. नाही. मी सांगितलं ते लिहिलंस. आणि तरी रिपोर्टखाली सही करण्यापूर्वी त्रेसष्ट गृहिणींची वस्ती खाडीकाठी कशी काय, एवढं तुला वाटायला हवं होतं. तेवढं तुझं. बाकी माझं.

आता हे का लिहिलं ते. अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे, तू रिपोर्ट वाचून दाखवणार आहेस. तुझं वाचून झालं की मी उठणार आणि ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग माइकला लावणार, काहीही न कापता. त्यात तुझा आवाज आहे, तुझं नाव आहे, आणि संस्था तुला नंतर काय म्हणेल ते मला माहितीये. तुला दोन दिवस आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तू 'आपण आतल्या आत दुरुस्त करू' म्हणाला असतास आणि मी हो म्हटलं असतं. आत्ता खिडकीतून तू दिसतोयस, कुंपणाच्या आत, गमबूट घालून, दुर्बीण डोळ्याला. गार्डने तुला सलाम केला तोही दिसला. तुझी बाइक जेट्टीवर आहे, हे पत्र हेल्मेटमध्ये ठेवतेय. पाणी चढलं की तू दहाला बाहेर येशील. फोन करू नकोस, फ्लाइट मोडवर आहे. दुरुस्ती स्वतः वाचायची असेल तर वाच, मी तरीही उठणार. तुझ्यापेक्षा मला दुसऱ्याच कोणाची भीती वाटतेय. आई पहिल्या रांगेत बसणार आहे, तिने शेवंतीमावशीला पण तयार केलंय, दोघींनी लग्नातली लुगडी काढलीत. मी काय बोलणार हे तिने तीनदा विचारलं. मी म्हटलं, तिथेच ऐक. 'हाउसवाइफ' म्हणजे काय ते तिला आता कळतं, टीव्हीमुळे. ती दारात उभी आहे, चप्पल घालून, हाका मारतेय. निघते.

तुझीच, निदान अकरा वाजेपर्यंत,
रोशनी